कधी पाचव्या, कधी अकराव्या

झोपताना सासूबाई नळ उघडाच ठेवतात.
खाली रिकामं पितळी घंगाळ,
म्हणजे पहिला थेंब पडला की वाजेल.
थेंबाच्या आधी हवा येते. फुस्स.
मग कुणी घसा खाकरल्यासारखं.
त्या खाकरण्याला गयाबाई हनुमंतराव ढोबळे
वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी
अंथरुणातून उठत नाहीत, उडतात.

जालन्यात आमच्या गल्लीला पाणी
कधी पाचव्या दिवशी येतं, कधी अकराव्या.
एकदा आलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या.
तेव्हापासून चौथी रात्र लागली
की सूप घेऊन बसतात,
निवडलेलेच परत निवडतात.
"हसू नको," म्हणतात, "तीनदा आलंय असं."
न आलेल्या रात्री कुणी मोजल्यात?

मी डीएडच्या पोरींना शिकवते:
अभिसंधान, प्रबलन, प्रबलनाची वेळापत्रकं.
फळ्यावर पेटीतलं कबूतर काढते,
ते दरवर्षी कोंबडीवर जातं.
सांगते, टोचलं की दाणा, टोचलं की दाणा,
असं ज्याला नेमानं मिळालं ते कबूतर
दाणे बंद झाले की थोडा वेळ टोचतं, मग गप बसतं.
ज्याला कधी मिळाला, कधी नाही,
ते टोचतच राहतं. टोचतच राहतं.
मागच्या बाकावरून परतूरची अंजुम म्हणाली,
"मॅडम, मंग त्याला कुणी सांगत कामून नाही?"
पोरी हसल्या. मीही हसले.
तास संपायला सात मिनिटं होती,
मी हजेरी घेतली.

कचरू वॉलमन चौकात लोखंडी पाना मांडीवर घेऊन बसतो.
बाया त्याला चहा देतात, शिव्या देतात,
नातवाच्या बारशाला बोलावतात.
"मला काय म्हायती बाई," तो म्हणतो,
"वरून फोन आला की फिरवतो."
आणि बोलता बोलता दर मिनिटाला
खिशावर हात ठेवून बघतो,
थरथरलं का.

आमचे अण्णा सेलूला. शिंपीकाम.
गुणपत्रक घ्यायचे, सही करायचे,
कात्री परत कापडात.
सातवीत एकदा,
कशासाठी ते मला आजवर कळलेलं नाही,
माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बरं केलंस."
बोटांना निळ्या खडूची भुकटी होती.
मी चार दिवस केस धुतले नाहीत.
त्या दिवशी वेणीत हिरवी रिबीन होती.
मग दहावीच्या निकालाला हिरवी,
बी.ए.ला हिरवी,
नोकरीच्या मुलाखतीला
पर्सच्या तळाशी गुंडाळी करून, हिरवी.
हे उदाहरण मी वर्गात देत नाही.

आता महिन्यातले दोन रविवार सेलूची गाडी पकडते.
मोसंबी सोलते, फोडींवरची पांढरी साल
नखानं काढून बशीत ठेवते.
अण्णा खातात. खिडकीबाहेर बघतात.
हात आता शिवत नाहीत, तरी पाय
खुर्चीखाली मशीन चालवल्यासारखा हलत असतो.
मधेच घसा खाकरतात.

मी सोलता सोलता थांबते.

ते फोड उचलतात.
साडेपाचची गाडी मी जाऊ देते.
पुढचीही असते एक.

रात्री घरी पोचते तर गयाबाई दिव्याखाली,
मांडीवर सूप.
"आज कितवा?" मी विचारते.
"नववा. तुझं आलं का काही?"
मी त्यांना कधी काही बोललेले नाही.
चपला काढून समोर बसते,
अर्धे तांदूळ माझ्याकडे ओढून घेते.
खडा एकही नाही.